बाहुल्या निजवायची संध्याकाळ

नवरात्रात हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका आधी माझ्या हातांकडे बघतात आणि मग घाईघाईनं दुसरीकडे बघतात. कुंकवाचं बोट त्यांच्या कपाळाशी पोचेपर्यंत इतकं थरथरतं की कुंकू कधी भुवईवर पडतं, कधी नाकावर. एखादी भोचक असली तर विचारते, "काय हो कुमुदबाई, थंडी वाजते का?" त्या दिवसांत बेंगळुरात गारवा असतोच थोडा, म्हणून मी हो म्हणून टाकते. खरं उत्तर असं की मी गोळ्या घेते आणि त्या गोळ्यांनी हात थरथरतात. पण हळदीकुंकवात एवढं कोण सांगत बसणार?

आता सांगते आहे, कारण आमच्या इस्पितळातल्या समाजसेविका बाईंनी गळ घातली. तपासणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बायका बसलेल्या असतात. कुणाचा नवरा सोबत असतो, कुणाची सासू, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, की आपल्यासारखी आपणच. त्यांच्यासाठी, या आजारातून बाहेर पडलेल्या बाईनं काही लिहावं, असं बाईंचं म्हणणं. मी म्हटलं, मी बाहेर पडलेली नाही, दारात उभी आहे एवढंच. त्या म्हणाल्या, चालेल. त्या बाकावर मराठी वाचणाऱ्या कितीजणी असतील हे मी विचारलं नाही. मला लिहिता येतं ते मराठीतच.

*

लग्न होऊन मी कोल्हापूरहून बेंगळुरात आले ती पन्नास सालानंतर लगेचच. सासरची माणसं मराठीच, पण इथं येऊन त्यांच्या कितीतरी पिढ्या झालेल्या. घरात मराठी बोलत, पण मध्येच अशी कानडी शिरे की पहिले काही महिने मी अर्धं वाक्य अंदाजानं भरून घेत असे. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. सासरे नव्हते. आमचे हे सरकारी कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात होते. माणूस सरळ, अगदी पट्टीनं आखल्यासारखा. भात वाढतानासुद्धा मूद एका बाजूला कलली तर यांना चैन पडत नसे.

माझ्या माहेरी नवरात्रात घट बसायचा, अखंड दिवा तेवायचा. इथं ते दोन्ही होतंच, वर बाहुल्या होत्या. माडीवरून पेट्या खाली काढायच्या, लाकडी पायऱ्या रचून त्यावर पांढरं धोतर अंथरायचं आणि बाहुल्या मांडायच्या. सगळ्यांत वर लाल चंदनाची राजा-राणीची जोडी, तिला म्हणतात पट्टद गोंबे. इकडे लेकीला लग्नात ही जोडी देतात. माझ्या माहेरच्यांना हे ठाऊकच नव्हतं, त्यामुळे मी चांदीची भांडी घेऊन आले आणि बाहुल्यांवाचून आले. गल्लीतल्या बायका कुजबुजल्या. अक्कांनी पहिल्याच नवरात्रात आपली जोडी माझ्या ओटीत घातली.

"माझ्या आईनं मला दिलेली. आता तुझी. मग तुझ्या लेकीची. सरी?"

"सरी," मी म्हटलं. सरी म्हणजे बरं, मला आलेला तो पहिला कानडी शब्द.

संध्याकाळी पोरांच्या झुंडी दारात यायच्या आणि एका सुरात विचारायच्या, "गोंबे कूरसिद्दीरा?" म्हणजे बाहुल्या मांडल्यात का? मांडल्या असतील तर आत शिरून बघायच्या, खाऊ घ्यायचा आणि पुढच्या घरी पळायचं. आणि विजयादशमीच्या संध्याकाळी सगळ्यांत सुंदर रीत. ओवाळून झालं, अंगाई म्हणून झाली, की राजा-राणीला आडवं करायचं, अंगावर रेशमी तुकडा घालायचा. नऊ दिवस उभं राहून दमलेली ती दोघं, त्यांना निजवायचं. दुसऱ्या दिवशी पेट्या बंद.

आमच्याकडे दिवाळीत मुलगे मातीचे किल्ले करतात. भावाच्या किल्ल्याचा बुरूज ढासळला की हाक मला यायची. तेच मी इथं आणलं. पायऱ्यांच्या बाजूला मातीचा डोंगर केला, त्यावर नाचणी पेरली. घटाबरोबर डोंगरही हिरवा झाला, तेव्हा अक्का शेजारच्या सरोजम्मांना हात धरून घेऊन आल्या. "बघा, आमच्या सुनेचं काम!" त्यांना झालेला आनंद मला अजून दिसतो. त्या घरात मला खरी जागा मिळाली ती त्या डोंगरामुळे.

*

पुढं दरवर्षी डोंगर वाढत गेला. गणपती बोळवले की माझ्या बोटांना सुरसुरी यायची. जेवण कमी व्हायचं, झोप कमी व्हायची, आणि डोक्यात एकामागून एक देखावे यायचे. दसऱ्यानंतर मी कोसळायची. दिवाळी मी अंथरुणातच काढायची, भिंतीकडे तोंड करून. सगळे म्हणायचे, दमली बिचारी, किती राबली. मलाही तेच वाटायचं.

कोसळण्याआधीचं ते वर असणं कसं असतं, हे सांगायला हवं. डॉक्टर ते सांगत नाहीत आणि घरच्यांना ते ठाऊक नसतं. ते सुंदर असतं. मी मुद्दाम खोटं लिहिणार नाही. मातीला हात लावायच्या आधी मातीला काय व्हायचं आहे ते कळतं. रिकामी काडेपेटी दिसली की तिच्यात खोली दिसते, खोलीत माणूस दिसतो, माणसाच्या पायात चपला दिसतात. सगळं सोपं असतं आणि सगळ्यांवर जीव ओवाळून टाकावासा वाटतो. नंतर तेच कडू होतं. माणसं फार हळू बोलतात, फार हळू चालतात, मुद्दाम आपल्या वाटेत येतात असं वाटायला लागतं. पण आधीची गोडी खोटी नव्हती, आणि तीच तर खरी अडचण आहे.

*

आमची मंजुळा पहिलीत होती त्या वर्षी मी सगळं बेंगळूर करायला घेतलं. पेटेतल्या, म्हणजे जुन्या पेठेतल्या, गल्ल्या, तळी, मार्केट, यशवंतपूरचं स्टेशन आणि रुळांवर काडेपेट्यांची गाडी. अक्कांची मोरपंखी रेशमी साडी तळ्यात पाण्याखाली अंथरायला कापली. यांनी घरी आणलेले नकाशे फाडून घरांची छपरं केली. हे पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. मी हसत सुटले, कारण छपरं फारच झकास झाली होती. गल्लीबाहेरून, पार मल्लेश्वरमहून माणसं बघायला येऊ लागली. अक्का आल्यागेल्याला खाऊ देता देता थकल्या, पण चेहरा असा फुललेला, की मला कुणी थांब म्हणालं नाही.

त्या दुपारी मंजू माझ्याकडे पाठ करून जमिनीवर बसली होती, पाटीवर उजळणी लिहीत. तिचे केस फार लांब होते. जाड वेणी, कमरेच्या खाली जाणारी. राणीच्या डोक्यावर काळ्या दोऱ्याचे केस होते आणि ते खोटे केस मला सहन होईनात. सगळं नगर खरं आणि राणीच तेवढी खोटी, असं कसं चालेल? मी मागून गेले आणि कात्रीनं वेणी मानेपासून कापली.

ती ओरडली नाही. तिनं हात मागे नेला, चाचपलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला त्या नजरेत काही दिसलं नाही. मी केस खळीनं राणीच्या डोक्यावर चिकटवत होते, आणि ते काम नाजूक होतं.

विजयादशमीला अक्कांनी राणीला निजवायला हात पुढं केला, तेव्हा मी ती हिसकावून घेतली. तिला झोप आलेली नाही, कुणालाच आलेली नाही, असं मी ओरडले म्हणतात. ओढाताणीत तळ्याचं पाणी सांडलं, माती वाहिली, अक्का पायऱ्यांवर पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. मला वाटलं, माझं बेंगळूर बघायला कुणीतरी मोठा माणूस आला आहे, आणि मी साडी बदलून आनंदानं आत बसले.

*

डॉक्टर कानडीत विचारायचे, हे मला मराठीत सांगायचे. मी घडाघडा बोलायची आणि हे त्याचं एका वाक्यात आटपायचे. डॉक्टर म्हणाले, "त्या एवढं बोलल्या आणि तुम्ही एवढंच सांगता?" बायकोचं बोलणं दुसऱ्याला सांगायची सवय कुठल्या नवऱ्याला असते?

मग डॉक्टरांनी यांनाच विचारलं, असं दरवर्षी होतं का, केव्हा सुरू होतं. हे विचार करू लागले. गणपतीनंतर, म्हणाले. पेट्या माडीवरून उतरतात तेव्हा. त्याआधीच्या वर्षी? तेव्हाही. त्याआधी? बोलता बोलता यांचा आवाज खाली गेला.

"म्हणजे आम्ही ज्याला हिची कला म्हणत होतो..." असं म्हणून हे थांबले. डॉक्टरांनी पाणी मागवलं. आजाराचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. ते माझ्या लक्षात राहिलं नाही. यांचं ते अर्धं वाक्य मात्र राहिलं. मला राग आला होता. कुणीतरी माझा डोंगर, माझं स्टेशन, माझी गाडी माझ्या नावावरून काढून रोगाच्या नावावर लिहीत होतं. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

*

इस्पितळातले दिवस सगळे सारखे होते. सकाळी घंटा, रांगेत आंघोळ, जाड्याभरड्या एकसारख्या साड्या. मग गोळ्यांची ताटली. गिळल्यावर तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. मग कांजी. मग वेताच्या टोपल्या विणायचं काम. मला वाटलं, हे तर माझ्या हातचं. पण बोटं लाकडाची झाली होती. वेत हातात धरून मी बसून राहायची आणि दुपार व्हायची.

गोळ्यांनी तोंड इतकं सुकायचं की जीभ टाळूला चिकटायची. चेहरा ताठ झाला. हसू आलं तरी ते आतच राहायचं. उन्हात बसलं की कातडी भाजून निघायची. आवारातल्या झाडाखाली सावली सरकेल तशा आम्ही सगळ्या सरकायचो. बघणाऱ्याला गंमत वाटली असती. पण झोप यायची. किती वर्षांनी मी झोपले होते! त्या झोपेत स्वप्नं नव्हती, देखावे नव्हते, काहीच नव्हतं.

विजेच्या झटक्यांबद्दल मी लिहिणार नाही. बाकावरच्या बायकांना त्याचीच जास्त भीती असते, म्हणून एवढंच सांगते, की मी ते घेतले आणि आज हे लिहिते आहे.

पुट्टम्मा नावाची आया होती. मला कानडी बेताची यायची आणि तिला मराठी मुळीच नाही. मी जेवत नाही म्हणून कुणी ओरडलं की ती ताकाचा पेला घेऊन यायची आणि म्हणायची, "स्वल्प, स्वल्प." तेवढ्या एका शब्दावर तिनं मला जगवलं. सगळं ताक पी असं ती कधीच म्हणाली नाही. घोटभर झालं की पेला घेऊन जायची आणि थोड्या वेळानं परत यायची. आजाऱ्याच्या घरच्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पुढ्यात पूर्ण ताट ठेवू नका.

हे दर रविवारी फ्लास्कमध्ये कॉफी घेऊन यायचे. कारखान्यात यांनी मला विषमज्वर झाल्याचं सांगितलं होतं. कोल्हापूरला, माझ्या माहेरी, मी कुठंतरी हवापालटाला गेल्याचं कळवलं होतं. कुणाला काय सांगितलं ते हे मला बजावून ठेवायचे, म्हणजे माझ्या तोंडून भलतंच निघू नये. मी मान हलवायची. मंजूबद्दल विचारलं की म्हणायचे, बरी आहे, केस वाढताहेत.

*

घरी आले तेव्हा मंजूनं दारात नमस्कार केला. अक्कांनी शिकवला असणार. नंतर मला एक गोष्ट दिसायला लागली. ती माझ्याकडे पाठ करत नसे. मी खोलीत असले तर भिंतीला टेकून बसायची. बाहेर जायचं असलं तर दारापर्यंत उलट्या पावलांनी जायची. कपाट उघडायचं असलं तर आधी मी कुठे आहे ते बघायची. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. तिची वेणी आता अक्का घालायच्या, स्वयंपाकघरात, दार लावून.

मला रडायला हवं होतं. गोळ्यांत रडू येत नाही. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा तसं झालं तर इथला मुक्काम लांबेल, आणि मुलीला तुमच्याजवळ ठेवायचं की नाही याचाही विचार करावा लागेल. त्यांनी ही गोष्ट यांना कानडीत सांगितली होती. पण तेवढं कानडी मला कळत होतं.

घरी आल्यानंतरच्या पहिल्या नवरात्रात मी डोंगर केला नाही. बाहुल्या पायऱ्यांवर ओळीनं मांडल्या, दुकानात मांडतात तशा. पोरं आली आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, "एवढंच?" अखंड दिव्याकडे बघायचं काम सुनेचं. मी गोळी घेऊन झोपले आणि दिवा विझला. अक्कांनी दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही.

*

पुढल्या वर्षी गणपती बोळवल्यावर अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. आधी पाठीवरून हात फिरवला.

"कुमुद, त्या गोळ्या आता राहू दे ग, सुम्ने उगाच कशाला घ्यायच्या? वर्ष झालं, बरी आहेस. नवरात्रात दिव्याला जाग लागते. आणि तुझ्या हाताकडे बघवत नाही मला. दसरा होऊ दे, मग घे. सरी?"

हे पेपर वाचत होते. "डॉक्टरांना विचारायला हवं," म्हणाले आणि पान उलटलं. कुणी विचारलं नाही. मीही नाही. अक्कांना दिवा हवा होता हे खरं. डोंगरही हवा होता. आणि मला माझे हात हवे होते. गोळ्यांची बाटली अक्कांनी आपल्या कपाटात ठेवली.

थोड्या दिवसांतच कंप गेला. सुई ओवता आली, तेव्हा मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. चहाला चव आली. अक्कांनी केलेल्या एका फालतू विनोदावर मी मनापासून हसले आणि अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. घरात सण आला होता. घट बसला त्या दिवशी डोंगराचा पाया घातला. या वेळी खाली गाव, मध्ये जंगल आणि वर बर्फ करायचं होतं. हात पूर्वीपेक्षा चांगले चालत होते. दिवा एकदाही विझला नाही. कसा विझणार? मी जागीच होते.

ललिता पंचमीच्या दुपारी मला कापूस कातरायला कात्री हवी होती. शिवणाच्या डब्यात नव्हती. खणात नव्हती. अक्कांच्या पानाच्या डब्यापाशीही नव्हती. घरातली एकही कात्री जागेवर नव्हती. मंजू भिंतीला पाठ लावून उभी होती.

"कात्री कुठंय ग?"

"ठाऊक नाही."

तिची वेणी दिसत नव्हती. मी नीट बघितलं. तिनं ती फ्रॉकच्या आत, पाठीवर सोडली होती, आणि वरून एका हातानं गळ्याशी कापड गच्च धरून ठेवलं होतं. घरात कुणालाही काही दिसलं नव्हतं. अक्का खूश होत्या, हे खूश होते. आठ वर्षांच्या पोरीला दिसलं होतं.

"आई," ती म्हणाली, "तू कधी झोपलीस?"

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न हाच होता.

मला त्या वेळी शहाणपण सुचलं असं कुणी समजू नका. डोक्यात बर्फाचा डोंगर चमकत होता आणि आतून कुणीतरी सांगत होतं, पोरीला काय कळतंय, कात्री शोध. दोन्ही एकदमच चालू होतं. फरक एवढाच, की आजार अजून अंगावर पुरता बसला नव्हता. पायाखाली टीचभर जमीन शिल्लक होती. मी स्वयंपाकघरात गेले.

"अक्का, माझ्या गोळ्या द्या."

अक्का गुग्गरीला, म्हणजे नैवेद्याच्या उसळीला, फोडणी देत होत्या. "आता? आज पंचमीच तर आहे. डोंगर अर्धा झालाय. उद्या मल्लेश्वरमच्या बायका येणार. अजून स्वल्प दिवस, मग घे."

"आज द्या. उद्या मी मागणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यामागे, दाराशी, गळ्याशी फ्रॉक धरून उभ्या असलेल्या नातीकडे. फोडणी जळाली. त्यांनी पातेलं खाली उतरवलं, हात पुसले आणि कपाटाकडे गेल्या. बाटली त्यांनी झाकण उघडूनच माझ्या हातात दिली.

"मला वाटलं तू बरी झालीस ग," त्या म्हणाल्या. "इतकं छान करत होतीस."

*

दुसऱ्या दिवशी हे मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. या वेळी हे सगळं सांगत होते, एक शब्दही गाळत नव्हते. गोळ्या वाढवल्या. मला ठेवून घेतलं नाही. मी डॉक्टरांना स्वतः कानडीत विचारलं, तोडक्यामोडक्या, की गोळ्या घेऊन मला पुन्हा तसं काही करता येईल का. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ठाऊक नाही," म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आज मला उत्तर ठाऊक आहे, निदान माझ्यापुरतं. तसं करता आलं नाही. बाहुल्या मी मांडते, कपडे नवे करते, पण मातीला काय व्हायचं आहे ते मला आता आधी कळत नाही. विचार करावा लागतो, मग थोडं सुचतं. लोक सांत्वन करतात की खरी कला गोळीनं जात नाही. सांगणाऱ्यानं गोळी घेतलेली नसते. माझं काहीतरी गेलं. मला त्याचं वाईट वाटतं, आणि वाईट वाटूनही मी रोज गोळी घेते. या दोन गोष्टी एका घरात राहू शकतात. भांडतात, पण राहतात.

डोंगर अर्धाच राहिला. खाली गाव झालं होतं, मध्ये चार झाडं, वर नुसती माती. मल्लेश्वरमच्या बायका आल्या. माझी बोटं पुन्हा ताठ होऊ लागली होती आणि मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. सरोजम्मांनी कानडीत हळूच विचारलं, यंदा एवढ्यावरच का थांबलात? मला वाटलं, आता विषमज्वर निघणार.

"आमच्या सुनेला बरं नसतं," अक्का म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "डोक्याचा आजार आहे. औषध चालू आहे. खाऊ घ्या."

बायकांनी खाऊ घेतला. आभाळ कोसळलं नाही. दिव्याला तेल घालायला मी उठू लागले तर अक्कांनी मला खांदा दाबून बसवलं. तेव्हापासून दिवा त्यांनीच सांभाळला, अगदी त्या वारल्या त्या वर्षापर्यंत.

*

विजयादशमीच्या संध्याकाळी ओवाळून झालं. अक्कांनी अंगाई म्हटली, अर्धी मराठी, अर्धी कानडी. राजाला आडवं केलं. राणीला कुणी हात लावेना. अक्का माझ्याकडे बघत होत्या, हे बघत होते. दोन वर्षांपूर्वीचं सगळ्यांना आठवत होतं. राणीच्या डोक्यावर अजून मंजूचेच केस होते. काढायचे तर खळ भिजवावी लागली असती, आणि ते धाडस कुणाला झालं नव्हतं.

मंजू पुढं झाली. त्या दिवसापासून तिनं त्या बाहुलीला शिवलं नव्हतं. तिनं राणीला दोन्ही हातांनी उचललं, तिच्या केसांवरून एकदा बोट फिरवून बघितलं आणि राजाच्या शेजारी निजवलं. रेशमी तुकडा गळ्यापर्यंत ओढला.

मग ती आत गेली. मला वाटलं, संपलं. मी उठायच्या बेतात होते तर ती फणी घेऊन आली. फणी माझ्या मांडीवर ठेवली. फ्रॉकच्या आतून वेणी बाहेर काढली, रिबन सोडली, आणि माझ्या पायाशी, माझ्याकडे पाठ करून बसली.

मी फणी उचलली. हात थरथरत होता, भांग वाकडा गेला, पुन्हा घातला, पुन्हा वाकडा गेला. तीन पेड हातात धरता धरता एक सुटायचा. माझ्या बोटांत जोर कमी-जास्त व्हायचा आणि तिची मान मागे ओढली जायची.

"ओढतंय का ग?" मी विचारलं.

"स्वल्प," ती म्हणाली, आणि हलली नाही.